थंड हवामानात बियांपासून कमळ

प्रश्न: कमळाच्या बिया दोन आठवडे पाण्यात आहेत, एकही फुगली नाही. इथे हिवाळ्यात तळं गोठतं. काय चुकतंय?

उत्तर १: टरफल घासलंत का? ते पाणी आत जाऊच देत नाही. पॉलिश पेपरवर एका बाजूने घासा. खालचा फिकट थर दिसला की लगेच थांबा, गर खरवडला तर बी कुजते. मग 25 ते 30 अंशांचं कोमट पाणी, रोज बदलून. साधारण आठवड्यात कोंब येतो.

उत्तर २: मुळं फुटल्यावर चिकणमातीत लावा. कंपोस्ट नकोच, पाणी नासतं. खत पाण्याच्या वर उभी राहणारी पानं आल्यावर, तेही बेताने.

उत्तर ३: हिवाळ्यात जपायचा तो कंद. तो गोठला की संपला; म्हणून कुंडी बर्फाच्या थराखाली खोल ठेवा. पहिल्या वर्षी फुलं सहसा येत नाहीत.