बाल्कनीतल्या खताच्या डब्यात अळ्या झाल्यात, काय करू?

नमस्कार मंडळी. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, घरात चौघं. मे महिन्यात रंगाच्या २० लिटरच्या दोन डब्यांना भोकं पाडून ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. जूनपर्यंत झकास चाललं होतं, उकरलं की आतून गरम वाफ यायची. पाऊस लागला आणि सगळं बिघडलं. बुडाशी चिखल, नासक्या अंड्यासारखा वास, आणि परवा झाकण उघडलं तर करड्या, चपट्या अळ्या नुसत्या वळवळत होत्या. सासूबाईंनी तेव्हापासून तुळशीला पाणी घालायचं कामही माझ्यावर टाकलंय.

भाजीची देठं, साली, चहाचा चोथा घालते. कधी उरलेला आमटी-भातही. वर मूठभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). अळ्या काढून टाकू का? चुना मारू का? डबा परत घंटागाडीत रिकामा करायला जिवावर येतंय.

प्रतिसाद १
चुना अजिबात नको, खत करणारे जिवाणूच मरतील. त्या अळ्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लायच्या आहेत, घरमाशीच्या नव्हेत. कचरा भराभर खातात, चावत नाहीत. मोठ्या झाल्या की काळपट होऊन कोरडी जागा शोधत स्वतःच बाहेर पडतात (तेव्हा सासूबाईंना बाल्कनीत पाठवू नका). वास मात्र हवा न मिळाल्याचा आहे. आमटी-भात बंद करा. डबा विटांवर ठेवा, खाली ताटली. रोज एक वाटी ओलं तर दोन वाट्या कोरडं, मूठभराने भागत नाही.

प्रतिसाद २
पावसाळ्यात सुका पाला मिळत नाही हीच खरी गोची. आम्ही फेब्रुवारीतच सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींकडून दोन पोती पाला भरून ठेवतो, नाहीतर तो जाळला जातो. तोवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून घाला. सुताराकडचा भुसाही चालतो, पण साध्या लाकडाचा, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो.

मूळ प्रश्नकर्ती
आभार! काल सगळं जुन्या चादरीवर उपसलं, सहा ट्रे फाडून कालवले. आज वास निम्म्याने कमी आहे. ताटलीत चहासारखं पाणी साठलंय, ते कुंड्यांना घालू का? आणि आंब्याच्या कोयी मे महिन्यापासून जशाच्या तशा आहेत.

प्रतिसाद १
पाण्याला वास येत असेल तर ओतून द्या. नसेल तर दसपट पाणी मिसळून मुळाशी घाला, पानांवर नको. कोयी वर्षभरही हलणार नाहीत. काढून नव्या कुंडीच्या तळाशी खापऱ्यांऐवजी टाका.