स्वयंपाकघर नव्याने मांडताना काय घ्यावे आणि काय घेऊ नये?

नवीचूल:

पुढच्या महिन्यात आम्ही दोघे स्वतंत्र घरात राहायला जात आहोत आणि स्वयंपाकघर पहिल्यांदाच शून्यापासून मांडायचे आहे. ओटा लहान आहे. शेगडी आणि बेसिन वजा जाता फार तर हातभर जागा मोकळी उरते, आणि भिंतीवर विजेची सॉकेट दोनच आहेत. यादी करायला बसले तेव्हा ती बत्तीस वस्तूंवर गेली, आणि ज्यांना ज्यांना विचारले त्या प्रत्येकाने आणखी दोन-तीन नावे सुचवून ती वाढवलीच; एखादी वस्तू काढून टाक, असे मात्र कोणीही सांगितले नाही.

माझा एक अनुभव मुद्दाम सांगते. भाड्याच्या खोलीत असताना मी मोठ्या हौसेने फूड प्रोसेसर घेतला होता. पहिल्या आठवड्यात तो चार वेळा वापरला. पण दोन गाजरे किसण्यासाठी भांडे, झाकण, दांडा, चकती आणि भाज्या आत ढकलायचा दट्ट्या असे पाच भाग धुवावे लागतात हे लक्षात आल्यावर मी पुन्हा साध्या किसणीकडे वळले, आणि यंत्र खोक्यात जाऊन बसले. त्यात यंत्राचा दोष नव्हता, माझ्या निवडीचा होता. तीच चूक पुन्हा करायची नाही.

माझा प्रश्न असा की वस्तू घेण्याजोगी आहे की नाही हे घेण्यापूर्वी कसे ओळखावे? विशेषतः नॉनस्टिक भांडी, एअर फ्रायर की ओव्हन, आणि मिक्सर किती ताकदीचा, या तीन बाबतींत माझा निर्णय होत नाही.

फळासुरी:

तुमच्या गाजरांच्या गोष्टीतच निम्मे उत्तर आहे. यंत्राने वाचवलेल्या वेळातून ते काढण्याचा, जोडण्याचा, धुण्याचा आणि परत ठेवण्याचा वेळ वजा करावा. उरलेली बाकी रोजच्या प्रमाणात स्वयंपाक करताना बहुतेक वेळा उणे येते. दहा-बारा माणसांचा स्वयंपाक असेल तर हाच हिशेब उलटतो, म्हणून दुसऱ्याच्या घरातली यादी आपल्याला लागू पडत नाही. आमच्याकडे आम्ही पहिले सहा आठवडे अगदी मोजक्या वस्तूंवर काढले आणि फ्रिजच्या दारावर एक कागद लावून ठेवला. काम करताना ज्या वस्तूवाचून खरोखर अडले तिच्या नावापुढे एक रेघ ओढायची, इतकाच नियम. शेवटी गाळणीपुढे नऊ रेघा होत्या आणि जिच्यावर आमचे सर्वाधिक बोलणे झाले होते त्या कॉफीच्या यंत्रापुढे एकही नव्हती.

खर्च करायचाच असेल तर आधी सुरीवर करा. साधारण 20 सेंटिमीटर पात्याची एक मोठी सुरी, सोलण्या-कोरण्यासाठी एक छोटी आणि पावासाठी एक दातेरी, एवढ्यावर बहुतेक घरे चालतात. लाकडी ठोकळ्यात खोचलेला डझनभर सुऱ्यांचा संच म्हणजे यांपैकी तीन सुऱ्या आणि बाकी शोभा. सुरीला धार आहे की नाही हे पिकलेला टोमॅटो सांगतो: पाते केवळ स्वतःच्या वजनाने सालीत शिरले तर धार आहे, आणि साल आत दबून मग फाटली तर नाही. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती निसटते आणि बोट कापते. ज्या पोलादी सळईवर सुरी घासतात ती सळई मुख्यतः वाकलेली कड सरळ करते, नवी धार फारशी आणत नाही. धारेसाठी दगडच लागतो आणि 1000 ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक कणांचा, एक दगड घरगुती वापराला पुरेसा होतो. काचेचा किंवा दगडी फळा मात्र घरात आणूच नका. तो दिसतो छान, पण त्यावर सुरीची धार काही दिवसांतच मरते. लाकडी किंवा प्लास्टिकचा फळा घ्यावा आणि तो सरकू नये म्हणून खाली ओले फडके अंथरावे.

आता नॉनस्टिकविषयी. ते एकच भांडे असावे, आणि चिकटणाऱ्या नाजूक पदार्थांपुरतेच वापरावे. त्याच्यावरचा नेहमीचा लेप सुमारे 260 अंश सेल्सिअसच्या वर खराब होऊ लागतो, आणि मोठ्या आचेवर ठेवलेले रिकामे भांडे काही मिनिटांतच तेथवर पोहोचते. फार तापलेल्या लेपाच्या वाफा पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या जिवावर बेतू शकतात, हे घरात पक्षी पाळणाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे. लेप कधी ना कधी जाणारच, म्हणून त्यात फार पैसे घालू नयेत. रोजच्या वापराला जाड बुडाचे स्टेनलेस स्टीलचे पातेले घ्यावे, पण बुडात ॲल्युमिनिअमचा थर आहे ना, हे पाहून. नुसते स्टील उष्णता फार मंद पसरवते. ॲल्युमिनिअम त्याच्या दहापटींहून अधिक चांगले वाहक आहे. पातळ बुडाच्या स्टीलमध्ये ज्वालेच्या आकाराचे करपलेले कडे उमटते, त्याचे कारण हेच.

जुनीमोटर:

मी बरीच वर्षे घरगुती विद्युत उपकरणांची दुरुस्ती केली आहे, त्यामुळे मिक्सरविषयी मी बोलतो.

खोक्यावर लिहिलेला वॅटचा आकडा म्हणजे मोटर वीज किती घेते तो आकडा; पाते किती ताकदीने फिरते हे त्यावरून नेमके कळत नाही. दोन माणसांसाठी 500 ते 750 वॅट पुरेसे असतात. माझ्याकडे जे मिक्सर येत, त्यांतील पुष्कळांची मोटर ठणठणीत असे. झिजलेले असायचे ते कपलर, म्हणजे मोटरची ताकद भांड्याच्या पात्याला देणारा तळाचा छोटा दातेरी तुकडा. भांडे काठोकाठ भरून, पाण्याचा थेंब न घालता घट्ट वाटण फिरवले की तो तुकडा मोटरच्या आधी मान टाकतो, आणि एका अर्थी त्याचे कामच ते आहे. म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न वॅटचा विचारू नका. कपलर, भांड्याची रबरी रिंग आणि कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे झिजणारे तुकडे, सुटे मिळतात का, हे विचारा. मिळत नसतील तर ते यंत्र कितीही देखणे असले तरी दोन-तीन वर्षांचे पाहुणे समजावे. मिक्सर चालता चालता एकाएकी बंद पडला तर घाबरू नका. बऱ्याच मिक्सरना तळाशी एक लहान बटण असते, मोटरवर भार आला की ते बाहेर येते. यंत्र दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे आणि बटण आत दाबावे. एक गृहस्थ केवळ या बटणापायी मिक्सर पिशवीत घालून तीन जिने चढून आले होते.

एअर फ्रायर हा नावाने फ्रायर असला तरी प्रत्यक्षात पंखा असलेला छोटा ओव्हनच आहे. लहान पोकळी लवकर तापते आणि वेगवान गरम हवेने पदार्थाचा पृष्ठभाग लवकर कोरडा होतो, म्हणून कुरकुरीतपणा येतो. पण पदार्थ एका थरात पसरला तरच. टोपली भरली की खालचा थर वाफवल्यासारखा मऊ राहतो. दोघांसाठी तो ठीक आहे, चौघांना दोन-तीन घाणे काढावे लागतात, आणि मोठा ट्रे किंवा पावाची लादी भाजायची असेल तर ओव्हनच हवा. दोन्ही मात्र घेऊ नका. विजेचा हिशेब करायचा तर 750 वॅटचा मिक्सर चार मिनिटे चालला की 0.05 युनिट जळते आणि 1500 वॅटचा एअर फ्रायर वीस मिनिटे सलग तापला तर अर्धे युनिट, म्हणजे दहापट. बिल वाढते ते तापणाऱ्या यंत्रांनी, फिरणाऱ्या यंत्रांनी नव्हे.

तुमच्याकडे सॉकेट दोनच आहेत म्हणून मुद्दाम सांगतो: तापणारी दोन यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर एकाच वेळी कधीही चालवू नका. वितळलेले बोर्ड मी पुरेसे पाहिले आहेत.

मंदआच:

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण वेळेची वजाबाकी हा एकच निकष मला अपुरा वाटतो. माझ्या मनगटांना संधिवात आहे. झाकण फिरवून उघडणारे साधे साधन, जाड मुठीचे सोलणे आणि विजेचा राइस कुकर या तीन गोष्टी इतरांना चैन वाटतील. माझा स्वयंपाक त्यांच्यावरच उभा आहे. राइस कुकर एकच काम करतो हे खरे, परंतु तो ते लक्ष न देता करतो, हा त्याचा गुण. साध्या राइस कुकरच्या तळाशी विशिष्ट तापमानाला चुंबकत्व गमावणारा एक तुकडा असतो. भांड्यात मोकळे पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या फारसे वर जात नाही. पाणी भातात मुरले की ते चढते, चुंबक सुटतो आणि खटका पडतो. ना शिट्ट्या मोजायच्या, ना उभे राहायचे. म्हणून कोणते काम तुम्हाला शरीराने किंवा मनाने थकवते, हेही त्या फ्रिजवरच्या कागदावर लिहा.

स्लो कुकर मात्र मी घेऊन पस्तावले. मला सर्वांत जास्त लागतो तो राजमा, आणि नेमका तोच त्यात कच्चा टाकून शिजवता येत नाही. कच्च्या राजम्यातला विषारी घटक नष्ट व्हायला तो भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळावा लागतो, आणि स्लो कुकरची मंद आच तेवढी चढेलच असे नाही. आधी शेगडीवर उकळायचा आणि मग त्यात घालायचा, तर प्रेशर कुकर काय वाईट? पूर्ण दाबाखाली त्यातील पाणी सुमारे 120 अंशांना उकळते, म्हणून वेळ निम्म्याहून कमी लागतो. माझ्या मते सर्वांत आधी घेण्याजोगे भांडे तेच आहे. फक्त रबरी रिंग कडक झाली की बदलावी आणि वाफेचे छिद्र दर वेळी उजेडात धरून पाहावे.

नवीचूल:

सर्वांचे मनापासून आभार. बत्तीसची यादी आज तेरावर आली. एअर फ्रायर सध्या नाही, नॉनस्टिक एकच, आणि मिक्सरच्या दुकानात मी कपलरविषयी विचारल्यावर विक्रेत्याने माझ्याकडे नव्याने पाहिले.

एक शंका उरते. माझ्या मावशीकडे बिडाचा एक जुना तवा आणि एक नॉनस्टिक कढई पडून आहे. तव्यावर गंज चढला आहे आणि कढईच्या तळाला ओरखडे आहेत. दोन्ही ती मला देऊ म्हणते. घ्यावीत का?

फळासुरी:

तवा आनंदाने घ्या, कढई नम्रपणे नाकारा. बिडाच्या तव्याला तडा नसेल तर गंज ही किरकोळ बाब आहे. लोखंडी घासणीने गंज पूर्ण निघेपर्यंत घासा, धुवा आणि लगेच आचेवर ठेवून खणखणीत कोरडा करा. मग तेलाचे बोट सगळीकडे फिरवून ते कोरड्या फडक्याने असे पुसा की तेल लावलेच नव्हते असे वाटावे. चूक होते ती इथेच, कारण जाड थर कडक न होता चिकट राहतो. धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, गार होऊ द्या, आणि हे तीन-चार वेळा करा. खिडकी उघडी ठेवा. तडा पाहण्यासाठी तवा बोटावर टांगून लाकडी चमच्याने हलकेच ठोका: घंटेसारखा आवाज आला तर उत्तम, आणि बद्द आवाज आला तर तो मावशींकडेच राहू द्या.