इन्स्टाचे डीएम कायनेसिसमध्ये कसे आणायचे? एकाच गिऱ्हाइकाला तीनतीनदा उत्तर जातंय

पैठणीवाला_पायथन:
नमस्कार मंडळी, आमचं येवल्याला पैठणीचं दुकान आहे, मी पुण्यात नोकरी करतो आणि रात्री बसून दुकानाचं सॉफ्टवेअर बघतो. ऑर्डरी जवळपास सगळ्या इन्स्टाच्या डीएमवरच येतात, अकाउंट बिझनेस आहे, वेबहुक जोडलाय, म्हणजे मेसेज आला की इन्स्टा माझ्या सर्व्हरला कळवतं, पुढे ॲमेझॉनचा एपीआय गेटवे (तो निरोप आत घेणारं दार) आणि मागे एक लॅम्ब्डा, म्हणजे निरोप आला की चालणारा छोटा प्रोग्राम. तो एकटाच सगळं करतो, म्हणजे मेसेज वाचतो, डेटाबेसमध्ये टाकतो, फोटो आला तर उतरवतो आणि मग "ताई, मेसेज मिळाला" असं उत्तर पाठवतो. एरवी चालतं, पण लग्नसराईत गर्दी झाली की एकाच बाईला तेच उत्तर तीनदा जातं. आणि त्याहून वाईट म्हणजे "हिरवी द्या" आणि "हिरवी नको, जांभळी द्या" हे उलटे नोंदले गेले, दुकानातल्या काकूंनी हिरवी पॅक करून पाठवली पण. लग्नाची साडी होती हो, फार वाईट वाटलं. आता मधे कायनेसिस (ॲमेझॉनचाच, आलेले मेसेज ओळीने साठवून पुढे देणारा स्ट्रीम) टाकायचं म्हणतोय, मेसेज क्रमाने आणि एकदाच यावेत एवढंच पाहिजे. कसं करू? अजून एक, इंग्रजी मेसेज नीट येतात पण मराठीत लिहिलेले काही, सोबत येणारी सही (मेसेज खरंच इन्स्टाकडूनच आल्याची खूण) जुळत नाही म्हणून माझाच कोड फेकून देतो, हे काय आहे तेच कळेना.

खडकीचा_बॅकएंडवाला:
आधी सहीचं सांगतो, कारण त्यात तुझी गिऱ्हाइकं गप्प हरवतायत. तू बहुतेक बॉडी (आलेला मजकूर) जेसनमध्ये पार्स करून, म्हणजे उलगडून, परत स्ट्रिंग बनवून मग एचमॅक, म्हणजे ती सही, काढतोयस. मेटा (इन्स्टाची कंपनी) सही काढते ती युनिकोड एस्केप केलेल्या मजकुरावर, तिथे मराठी अक्षराऐवजी त्याचा कोड असतो, म्हणजे "आ" जातो तो बॅकस्लॅश यू ०९०६ असा, हेक्समधली अक्षरं स्मॉल. तू पार्स केलंस की त्याचा परत "आ" होतो, सही बदलते. इंग्रजीत एस्केप करण्यासारखं काही नसतं म्हणून ते सुटतं. बॉडी जशी आली तशीच्या तशी घे, त्यावर ॲप सीक्रेटने (तुझ्या ॲपची मेटाकडची गुप्त किल्ली) शा-२५६ पद्धतीची सही काढ, हेडरमध्ये आलेल्या सहीशी ताडून बघ आणि मगच पार्स कर.

तीनदा उत्तर का जातं तर मेटाला ५ सेकंदांत २०० ('मिळालं' असा उत्तराचा कोड) पाहिजे असतो, तुझा लॅम्ब्डा फोटो उतरवत बसतो तोवर वेळ संपते, मग ते तोच मेसेज परत पाठवतात, त्यांच्या बाजूने बरोबरच आहे. म्हणून दोन लॅम्ब्डा कर. पुढच्या, म्हणजे वेबहुक घेणाऱ्या लॅम्ब्डाने फक्त सही तपासायची, कायनेसिसमध्ये टाकायचं, २०० द्यायचा, संपलं. बाकी सगळं मागचा लॅम्ब्डा करेल. तरी एखादा मेसेज दोनदा येणारच हे धरून चाल. प्रत्येक मेसेजला एमआयडी (त्याचा स्वतःचा आयडी) असतो, तो डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये "आधी नसेल तरच लिही" या अटीने टाक, लिहिता आला तरच उत्तर पाठव.

आता क्रम. कायनेसिस शार्ड नावाच्या भागांत वाटलेलं असतं, क्रम एका शार्डपुरताच राहतो आणि रेकॉर्ड कुठल्या शार्डमध्ये जाणार ते पार्टिशन की ठरवते. ती की म्हणून सेंडर आयडी ठेवू नकोस! काकूंनी ॲपमधून हाताने उत्तर दिलं की त्याचा एको (त्या उत्तराची प्रत) पण वेबहुकवर येतो आणि त्यात सेंडर म्हणजे दुकान, गिऱ्हाईक रिसिपियंटमध्ये. मग दुकानाची सगळी उत्तरं एका शार्डमध्ये आणि गिऱ्हाइकांचे प्रश्न भलतीकडे. की म्हणजे कायम गिऱ्हाइकाचा आयडी, एको असेल तर रिसिपियंटमधून काढ. शिवाय वेबहुकवर मेसेज क्रमानेच येतील असं धरू नकोस, टाइमस्टॅम्प मिलिसेकंदांत असतो, ऑर्डर पक्की करताना तो बघ.

नाशिककर_०७:
वरचं सगळं पटलं, पण दुकानाच्या मानाने कायनेसिस जास्त होतंय असं मला वाटतं. एक शार्ड सेकंदाला १००० रेकॉर्ड घेतो, तुमच्याकडे दिवसाला तरी तेवढे येतात का? एसक्यूएस फिफो (ॲमेझॉनचीच, क्रम पाळणारी मेसेजची रांग) घ्या, मेसेज ग्रुप आयडी, म्हणजे ज्याच्यापुरता क्रम पाळायचा तो, गिऱ्हाइकाचा आयडी ठेवा, डुप्लिकेट ५ मिनिटांपर्यंत तोच गाळतो, त्यापुढचं एमआयडी सांभाळेल. कायनेसिसवर लॅम्ब्डा लावला आणि एखादा बिघडलेला रेकॉर्ड आला तर डिफॉल्ट सेटिंगवर तो रेकॉर्ड एक्सपायर होईपर्यंत, म्हणजे २४ तास, तोच परत परत चालवतो आणि त्या शार्डमधलं मागचं सगळं अडकतं. मी हे भोगलंय, रविवार गेला त्यात. घेणारच असाल तर रिट्रायची मर्यादा आणि फेल झालेले बाजूला टाकायची जागा पहिल्या दिवशीच लावा.

पैठणीवाला_पायथन:
दादा, मनापासून आभार, पार्सच करत होतो मी! कायनेसिस यासाठी म्हणत होतो की उद्या जुने मेसेज परत चालवून कुठल्या रंगाला मागणी आहे ते बघता येईल.

सांगलीची_डेटावाली:
त्यासाठी मेसेज डेटाबेसमधून वाचा ना, स्ट्रीम कशाला. आणि परत चालवायचंच झालं तर उत्तर पाठवणारा कन्झ्युमर (स्ट्रीममधून मेसेज वाचणारा प्रोग्राम) वेगळा ठेवा, नाहीतर जुन्या गिऱ्हाइकांना परत "मेसेज मिळाला" जायला लागेल, त्यात इन्स्टावर गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजनंतर साधं उत्तर द्यायला २४ तासच असतात.

मला खरं वेगळंच सांगायचंय. या बायका तुमच्या काकूंशी विश्वासाने बोलतात, पत्ता, फोन, कुणाचं लग्न, बजेट किती, सगळं. एखादीने मेसेज अनसेंड केला तर वेबहुकवर डिलीटचा इव्हेंट त्याच एमआयडीसकट येतो, पण कायनेसिसमधला रेकॉर्ड तुम्हाला मधेच पुसता येत नाही. म्हणून स्ट्रीम असो की रांग, मजकूर त्यात टाकूच नका. पुढचा लॅम्ब्डा मजकूर एनक्रिप्ट केलेल्या टेबलात लिहील, पुढे फक्त एमआयडी, गिऱ्हाइकाचा आयडी आणि वेळ जाईल. अनसेंड आला की टेबलातली ओळ पुसा, उतरवलेला फोटो पण पुसा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी तिने परत घेतलेलं बोलणं आपण ठेवून घ्यायचं नाही.

पैठणीवाला_पायथन:
हे डोक्यातच आलं नव्हतं ताई. फिफोच घेतो. सही आणि एमआयडीचं आज रात्रीच करतो, आणि अनसेंड आला की काकूंच्या ऑर्डरच्या यादीत पण तो मेसेज दिसेनासा व्हायला पाहिजे, तिथे सध्या मजकूर कॉपी होतो, तो आधी काढतो.