गोळ्या चालू आहेत, तरी नैराश्य उरतंच. तुम्ही काय करता?

माझं नैराश्य अकरा वर्षांचं. गोळ्या मी बंद केलेल्या नाहीत आणि करणारही नाही, कारण त्यांनी काय दिलं ते मला ठाऊक आहे. उगाच भरून येणं थांबलं, पहाटे तीनला धडधडत जाग येणं थांबलं. पण अजूनही कित्येक सकाळी न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून मी कोरड्या अंगाने स्टुलावर बसून राहते. घरच्यांना वाटावं, अंघोळ चाललीय. पाण्याचा आवाज येत राहतो आणि हात पुढे करणं होत नाही. वीस-वीस मिनिटं.

डॉक्टर दर वेळी विचारतात, "कसं वाटतंय?" मी म्हणते, "बरंय." मागच्या भेटीत पहिल्यांदाच हे न्हाणीघराचं बोलले. त्यांनी लिहायचं थांबवलं आणि म्हणाले, "हे इतके दिवस का नाही सांगितलंत?"

म्हणून विचारतेय. गोळीने तुमचं काय गेलं, काय उरलं आणि त्या उरलेल्याचं तुम्ही काय केलंत? एक कळकळीची विनंती: इथलं वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नका, डोस बदलू नका. आणि "सकारात्मक विचार करा" हे कृपया नको.

—

ताई, तुमचं "बरंय" अगदी ओळखीचं आहे. मीही तेच म्हणायचो.

दोन औषधं बदलून झाली तेव्हा खोट माझ्यातच आहे असं मी धरून चाललो होतो. मग नव्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या स्टार-डी अभ्यासाबद्दल सांगितलं. चार हजारांवर रुग्ण होते, निकाल २००६ मध्ये आले. पहिल्याच औषधाने लक्षणं जवळजवळ पूर्ण गेली ती साधारण तिघांतल्या एकाची. बाकीच्यांना पुढच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. हे ऐकून मी गाडीत येऊन बराच वेळ नुसता बसलो होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी एकटाच नापास झालोय.

त्यांनी दुसरी गोष्ट केली ती म्हणजे माझ्या बायकोला आत बोलावून झोपेबद्दल विचारलं. ती म्हणाली, "घोरता घोरता यांचा श्वासच थांबतो, मी हलवून उठवते." तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया निघाला. आता रात्री मास्क लावून झोपतो. नैराश्य संपलं नाही, पण दुपारी डोक्यावर जे ओझं चढायचं ते निम्म्याने उतरलं. चार वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, याचा मला अजून राग येतो.

—

माझ्या बाबतीत थायरॉईड. रक्ततपासणी सांगितली होती, मीच टाळली. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन हे एकदा बघून घ्याच.

—

मला उपयोग झाला तो थेरपीचा, पण दुसऱ्या थेरपिस्टकडे. पहिलीकडे सहा वेळा गेले. "घरचे इतके चांगले आहेत, मग दुःख कसलं?" असं ती म्हणाली आणि मी जायचं सोडलं. पुढे दीड वर्ष कुणाकडेच गेले नाही. ते दीड वर्ष आठवलं की जीव तुटतो. पटत नसेल तर माणूस बदला, थेरपी सोडू नका.

दुसरीने वही दिली. तासातासाला काय केलं ते लिहायचं, शेजारी बरं वाटल्याचे शून्य ते दहा गुण. माझी खात्री होती की सगळीकडे शून्यच येणार. आठवड्याने वही उघडली तर गुरुवारी संध्याकाळी, "कुंड्यांना पाणी घातलं – ३". अक्षर माझंच होतं. त्या तीनाकडे मी किती वेळ बघत होते. मग तिने तेच काम मंगळवारी आणि शनिवारीही लिहायला लावलं. मन लागलं की करेन असं म्हणायचं नाही. ठरल्या वेळी करायचं, मन मागाहून आलं तर आलं.

ब्रिटनमध्ये कोबाल्ट नावाचा अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. गोळ्या घेऊनही बरे न झालेले ४६९ जण होते. उपचाराला सीबीटीची (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) जोड मिळालेल्यांपैकी ४६ टक्क्यांची लक्षणं सहा महिन्यांत निम्म्याने तरी कमी झाली, जोड न मिळालेल्यांत २२ टक्क्यांची. म्हणजे थेरपी घेऊनही निम्म्याहून अधिकांना तेवढा फरक पडला नाही. तुम्हाला पडला नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

—

माझं निदानच अपुरं होतं. नैराश्याच्या मधल्या काळात मी चार-चार तास झोपून सुसाट कामं करायचो, पैसे उधळायचो. तेच "बरे दिवस" वाटायचे, म्हणून डॉक्टरांना सांगितलंच नाही. बहिणीने सांगितलं. बायपोलर निघालं, लिथियम सुरू झालं. त्याची रक्तातली पातळी ठरावीक काळाने तपासावी लागते, ते मी चुकवत नाही.

—

आईला ईसीटी दिली, म्हणजे मेंदूला विजेचा सौम्य झटका देऊन करतात तो उपचार; त्याबद्दल लिहिते, कारण "शॉक" शब्दाला आम्हीही घाबरलो होतो. ती खाणं-पिणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडली होती. गोळ्यांचा असर व्हायची वाट बघण्याइतका वेळ नव्हता. पूर्ण भूल देतात, स्नायू सैल करायचं औषध देतात, काही मिनिटांत आटोपतं. आठ वेळा झाली. पाचवीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती अचानक म्हणाली, "माझी फणी कुठंय गं?" अडीच महिन्यांत तिने स्वतःहून काही मागितलं नव्हतं.

विस्मरण झालं, हेही लपवत नाही. आदल्या दोन महिन्यांतलं बरंच तिला आठवत नाही. भाचीच्या लग्नाचे फोटो दाखवले तर म्हणाली, "मी होते का तिथे?" आणि रडली. गोळ्या पुढेही चालूच आहेत.

—

माझी आरटीएमएस झाली (डोक्याच्या बाहेरून चुंबकीय लहरी देऊन मेंदूवर करतात तो उपचार), आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. फरक पडला नाही. लिहितोय ते एवढ्यासाठी की न पडलेल्यांचंही इथे असावं.

—

उरलेल्यात माझ्याकडे मरणाचे विचार होते. डॉक्टरांसमोर बसून एक कागद केला: विचार वाढायला लागल्याची खूण काय (मी फोन उचलणं बंद करते), मग काय करायचं, कुणाला कोणत्या क्रमाने फोन करायचा, कुठल्या तातडीच्या विभागात जायचं. गोळ्यांचा साठा बहिणीकडे असतो; ती आठवड्यापुरत्याच देते. सुरुवातीला अपमान वाटला होता. एका रात्री तो कागद खरोखर वापरावा लागला. इथे कुणाला आत्ता तसं वाटत असेल तर लिहीत बसू नका, शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा, हेल्पलाइनला फोन लावा.

—

मी इथे नवरा म्हणून लिहितोय. बायको अशीच कडी लावून बसायची. आधी दारावर थापा मारायचो, "किती वेळ?" आता विचारतो, "मी बाहेर बसू का?" कधी "हो" येतं, कधी काहीच नाही. मी बसतो.

—

मूळ लेखिका: सगळ्यांचं दोनदा वाचलं. नवरा म्हणून लिहिणाऱ्या दादांचं घरच्यांना वाचायला दिलं. उद्या डॉक्टरांची भेट आहे. या वेळी कागदावर लिहून नेतेय: न्हाणीघर, वीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. झोप विचारायची. थायरॉईड विचारायचा. थेरपिस्टचं नाव मागायचं.