जिभेच्या कर्करोगाच्या अहवालातील ‘पी१६ निगेटिव्ह’चा अर्थ काय लावावा?

शंकासूर:
माझ्या वडिलांच्या जिभेच्या कडेवरील गाठ शस्त्रक्रियेने काढली असून तिचा पॅथॉलॉजी अहवाल नुकताच हाती आला आहे. ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ (आवरणातील सपाट पेशींचा कर्करोग) या निदानाखाली ‘पी१६ निगेटिव्ह, ईजीएफआर ३+, की-६७ सुमारे ६० टक्के’ अशी ओळ आहे. पी१६ पॉझिटिव्ह असलेले रुग्ण अधिक काळ जगतात, असे जागोजागी वाचायला मिळते. मग निगेटिव्ह असणे हे वाईट लक्षण समजायचे का? डॉक्टरांची भेट आठवड्याने आहे आणि तोवर घरात या तीन आकड्यांखेरीज दुसरा विषय नाही. या प्रथिनांवरून आजाराचा पुढचा प्रवास खरोखर कितपत सांगता येतो?

सूक्ष्मदर्शक:
मी पॅथॉलॉजीत काम करतो. आपण वाचलेले खोटे नाही, पण ते दुसऱ्या जागेच्या कर्करोगाविषयी आहे. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ, म्हणजे घशाचा मधला भाग, येथील बऱ्याच गाठी एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूमुळे होतात. या विषाणूचे ई७ प्रथिन पेशीविभाजनाला आवर घालणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करते, त्यामुळे पी१६वरचा लगाम सुटतो आणि ते पेशीत साचत जाते. स्लाइडवर किमान ७० टक्के गाठपेशींत, केंद्रक आणि पेशीद्रव या दोन्ही ठिकाणी मध्यम ते गडद तपकिरी रंग दिसला, तरच आम्ही ‘पॉझिटिव्ह’ लिहितो. इकडेतिकडे चार ठिपके उमटले म्हणून लिहीत नाही. घशाच्या या भागातील पुढच्या टप्प्याच्या कर्करोगावर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण एचपीव्ही पॉझिटिव्ह गटात ८२.४ टक्के, तर निगेटिव्ह गटात ५७.१ टक्के होते. फरक इतका मोठा, की पुढे टीएनएम (गाठ, ग्रंथी आणि प्रसार यांवरून टप्पा ठरवणाऱ्या) वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत पी१६ पॉझिटिव्ह गाठींसाठी टप्प्यांची वेगळी मांडणी करण्यात आली.

जिभेचा पुढचा, हलता भाग मात्र मुखपोकळीत मोडतो. तेथे विषाणूजन्य गाठी थोड्याच असतात आणि पी१६वरून टप्पा बदलत नाही. तेव्हा आपल्या अहवालातील ‘निगेटिव्ह’ अपेक्षितच आहे. ती वाईट बातमी नव्हे. त्याऐवजी गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे, कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, मानेतील किती लसीकाग्रंथी बाधित आहेत आणि कर्करोग ग्रंथीच्या आवरणाबाहेर पडला आहे का, हे पाहावे.

आकडेमोड:
वैद्यकीय संख्याशास्त्राच्या बाजूने उरलेल्या दोन नोंदींविषयी लिहितो. डोके-मानेच्या बहुसंख्य स्क्वॅमस गाठींत ईजीएफआर (पेशीला वाढीचा इशारा देणारे प्रथिन) वाढलेलेच असते, आणि जे जवळपास सर्वांतच आढळते त्यावरून एका रुग्णाला दुसऱ्यापासून वेगळे काढणे अवघड. शिवाय याच प्रथिनावर काम करणाऱ्या सेटुक्सिमॅब या औषधाचा उपयोग कोणाला होईल, हेही स्लाइडवरील त्याच्या रंगाच्या तीव्रतेवरून (अहवालातील ‘३+’) नीट ठरवता आलेले नाही.

की-६७ हे विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशींचे प्रमाण दाखवते, पण ते ‘जास्त’ कधी म्हणायचे यासाठी कोणी २० टक्क्यांवर रेघ ओढतो, कोणी आपल्या रुग्णसंचाच्या मध्यकावर, तर कोणी आधी निकाल पाहून मग सोयीची सीमा निवडतो. शेवटच्या पद्धतीने जवळपास कोणतेही प्रथिन ‘महत्त्वाचे’ ठरवता येते. (माझ्या मते या क्षेत्रातील निम्मा गोंधळ प्रथिनांचा नसून या रेघांचा आहे.) अशा अभ्यासांत काय काय उघड करावे यासाठी २००५ साली ‘रिमार्क’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, पण शे-दीडशे जुन्या नमुन्यांवर एखादे प्रथिन तपासून काढलेले आणि पुन्हा कोणीही न पडताळलेले शोधनिबंध अजूनही येतच असतात.

दुसरे मत:
सूक्ष्मदर्शक यांच्या म्हणण्याला एक पुरवणी. घशाच्या कर्करोगातही एकटे पी१६ पुरेसे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात ९.२ टक्के रुग्णांत पी१६ आणि एचपीव्ही चाचणीचे निकाल परस्परविरोधी निघाले. दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी ८१.१ टक्के पाच वर्षांनी हयात होते. केवळ पी१६ पॉझिटिव्ह असलेल्यांत हे प्रमाण ५४.७ टक्के होते.

शंकासूर:
सर्वांचा आभारी आहे. अहवालाचे दुसरे पान आम्ही नीट वाचलेच नव्हते. खोली ७ मिलिमीटर, कडा मोकळ्या, तपासलेल्या २८ ग्रंथींपैकी एकही बाधित नाही. पीडी-एल१ची चाचणीही करून घ्यावी का?

सूक्ष्मदर्शक:
दुसऱ्या पानावरच्या या तिन्ही नोंदी चांगल्या आहेत. ५ ते १० मिलिमीटर खोलीची गाठ आकाराने ४ सेंटिमीटरपर्यंत असेल तर ती टी२ (टीएनएममधील गाठीची दुसरी पायरी) ठरते. पीडी-एल१ या प्रथिनाचे गाठीतील प्रमाण दाखवणारा सीपीएस गुणांक प्रामुख्याने इम्युनोथेरपीचे औषध निवडताना, विशेषतः आजार उलटला किंवा इतरत्र पसरला असताना, पाहिला जातो. वडिलांना तसे औषध देण्याचा विचार सध्या आहे का, हे आधी डॉक्टरांना विचारावे. नसेल तर ही चाचणी थांबू शकते. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्यामुळे गरज पडल्यास ती नंतरही करता येईल.