विषय: उतारावरच्या स्की – लाकडी गाभा घ्यावा का?

नमस्कार मंडळी,
ईस्टरला त्रिसिलच्या स्की-केंद्राला जायचं म्हणून मुलं मागे लागली आहेत. सपाटीवरचं लाँगरेन, म्हणजे लांब पल्ल्याचं स्कीइंग, आम्हाला जमतं, उताराच्या स्की मात्र घरात नाहीत. दुकानात ‘लाकडी गाभा, नॉर्वेची परंपरा’ म्हणत एक जोडी दाखवली. कंबर, म्हणजे स्कीची मधली रुंदी, ८८ मिलिमीटर, सगळीकडे चालेल म्हणाले. यात जाहिरात किती आणि खरं किती?
– ड्रामेनहून

नमस्कार ताई,
परंपरा खरी आहे, आणि ती तेलेमार्कमधल्या मोर्गेदालची. तिथला गरीब कूळ सोंद्रे नूरहाइम १८६८ मध्ये क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, स्पर्धेत उतरला. वय ४२! टाच धरून ठेवणारी पिळलेल्या काटक्यांची बांधणी आणि मध्ये अरुंद, टोकांना रुंद अशी स्की, यांच्या जोरावर त्याने घेतलेली वळणं लोक बघत राहिले. तुमच्या जोडीची ‘कंबर’ त्याच घडणीतली. स्की कुशीवर कलली की ती बाजूची कमान बर्फात रुतते, स्की वाकते आणि आपोआप वळते.

वाकून पुन्हा सरळ होणं हे लाकडाचं काम. आत पॉप्लर, अ‍ॅश किंवा बीचच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, वर-खाली फायबरग्लास, कडेला पोलाद. अ‍ॅश जड पण दमदार, पॉप्लर हलकं. कडक बर्फावरची थरथर लाकूड छान जिरवतं. फोमचा गाभा स्वस्त, पण त्याची उसळी लवकर मरते. म्हणून लाकडीच घ्या. ईस्टरला सकाळी बर्फ टणक असतो आणि दुपारी ओला, जड होतो. तेव्हा ८८ योग्यच. लांबी हनुवटी ते नाक यांच्या मधली बघा. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी बांधणी, दुकानातच वजन, उंची आणि बुटाच्या तळाच्या मापावरून लावून घ्या, अंदाजाने अजिबात नको.

तळाला खोल चरा पडून लाकूड दिसलं तर लगेच भरून घ्या. पाणी आत गेलं की गाभा फुगतो.
– कोंग्सबर्गहून, काका

काका, स्कीबद्दल सगळं पटलं, पण ताईंनी पहिल्या वर्षी विकत घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. भाड्याने दोन वेगळ्या कंबरांच्या घालून बघाव्यात, पायांना कळतं. मुलांसाठी तर ‘बुआ’मधून, म्हणजे खेळाचं साहित्य उसनं देणाऱ्या केंद्रातून, फुकट मिळतात का ते आधी बघा, पुढच्या हिवाळ्यात त्यांना बूटही पुरायचे नाहीत. ईस्टरच्या आधी गर्दी होते, आत्ताच विचारा.
– लिलस्ट्रॉमहून