‘दरड’, ‘भूस्खलन’ आणि ‘भेग’ : डोंगरउताराच्या पाहणीत नेमका शब्द कोणता?

विचारणा (कराड)

पाटण तालुक्यातील डोंगरउतारांवरच्या वाड्यांमध्ये पावसाळ्यापूर्वी वाटायचे एक माहितीपत्रक मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मूळ मजकूर इंग्रजीत असून त्यात ‘लँडस्लाइड’ हा एकच शब्द सर्वत्र आहे. पहिल्या खर्ड्यात मी त्यासाठी ‘दरड कोसळणे’ असे लिहिले, कारण वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात तेच रूढ आहे. तपासणाऱ्यांनी ते खोडून सगळीकडे ‘भूस्खलन’ केले. पहिला खर्डा एका वाडीत वाचून दाखवला, तेव्हा एका आजींनी विचारले, “आमच्यात दरड कुठं हाय? कडा पार तिकडं लांब ऱ्हायला.” दुसरा खर्डा वाचला, तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि ते मला अधिक खटकले. या दोन शब्दांत नेमका फरक काय, आणि गावकऱ्यांसाठी लिहिताना कोणता घ्यावा? पत्रकात ‘जमिनीला भेगा पडल्यास त्वरित कळवावे’ असेही एक वाक्य आहे. त्याबद्दलही मत हवे आहे.

उत्तर (पाटण)

मी पाटण आणि जावळी तालुक्यांत उतारांच्या पाहणीसाठी हिंडत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजींचा आक्षेप अगदी रास्त आहे. ‘दरड’ हे मुळात जागेचे नाव आहे. डोंगराची किंवा नदीकाठाची उभी, तुटलेली बाजू म्हणजे दरड. घटना सांगण्याचे काम ‘कोसळणे’ हे क्रियापद करते. कुंभार्ली, आंबेनळी किंवा पसरणी घाटात रस्त्यासाठी डोंगर उभा कापलेला आहे, तिथे पावसाळ्यात खडकाचे तुकडे सुटून रस्त्यावर येतात, तेव्हा ‘दरड कोसळली’ हा शब्दप्रयोग तंतोतंत बसतो. आपल्याकडचा खडक लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. काळा पाषाण कठीण असतो पण त्याला उभ्या चिरा असतात. त्याच्याखाली मांजऱ्या (मऊ, ठिसूळ खडक) किंवा गेरूचा तांबडा थर असेल, तर तो आधी झिजतो, वरचा पाषाण अधांतरी राहतो आणि एखाद्या चिरेवरून सुटतो. सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्यापायऱ्यांचे रूप येण्यामागेही कठीण आणि मऊ थरांची हीच उतरंड आहे.

मात्र २२ व २३ जुलै २०२१ च्या पावसात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या पाटण तालुक्यातील गावांवर जे संकट आले, त्याला हा शब्द पुरत नाही. त्या दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. अशा पावसात उतारावरची माती, मुरूम आणि त्यात रुतलेले धोंडे यांचा सगळा थर पाण्याने गच्च भरतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, खालच्या कठीण खडकात पाणी फारसे मुरत नाही, आणि मग तो थर खडकावरून निसटून ओढ्याच्या वाटेने चिखलासारखा वाहत खाली येतो. यासाठी वर उभा कडा असावा लागत नाही. बातम्यांत तिन्ही ठिकाणी ‘दरड कोसळली’ असेच छापून आले, आणि त्याचा परिणाम आजींच्या प्रश्नात दिसतो: कडा घरापासून लांब आहे, म्हणजे आपल्याला भय नाही, असा अर्थ त्या शब्दातून सरळ निघतो. इशाऱ्याच्या पत्रकातील शब्दाने असा दिलासा देता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

‘भूस्खलन’ अर्थाने अचूक आहे. स्खलन म्हणजे घसरणे, निसटणे. परिभाषेत ‘भूमिपात’ असाही शब्द आढळतो, पण त्यात पडण्याचा भाव आहे, त्यामुळे माझ्या मते ‘भूस्खलन’ सरस. अडचण इतकीच, की तो वाडीवर कोणाच्या तोंडी नाही. आजींचे गप्प राहणे हे संमतीचे लक्षण समजू नये. शासकीय कागदांत तोच शब्द असल्यामुळे मथळ्यात तो राहू द्या, पण आत क्रियापदांवर भर द्या, कारण या बाबतीत मराठीची खरी श्रीमंती क्रियापदांत आहे. उंचावरून सुटून पडते ते कोसळते. रचलेले किंवा साठलेले आपल्याच भाराने पडते ते ढासळते. विहिरीचा काठ ढासळतो, बुरूज ढासळतो. जागच्या जागी खाली बसते ते खचते. आणि उतारावरून हळूहळू, कधी हाताच्या बोटाएवढे, पुढे जाते ते सरकते. खोऱ्यातली माणसे हे शब्द सहसा एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. ‘वरचं रान खाली बसलंय’ असे एखाद्या शेतकऱ्याने सांगितले, की मी त्या रानाच्या खालच्या टोकाला ताल (शेताचा बांध) फुगली आहे का ते पाहायला जातो. कारण मोठा उतार एकसंध सरकू लागला, तर वरच्या टोकाला जमीन खचते आणि पायथ्याला फुगते.

आता ‘भेगा’. हे वाक्य मला पत्रकातले सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि सर्वांत दुबळेही. सुरुवातीच्या काळात मीही हाच प्रश्न जसाच्या तसा विचारत असे. एका खोऱ्यात तीन घरी तीन उत्तरे मिळाली. पहिल्या घरी म्हणाले, “भेगा तर दर उन्हाळ्यात पडत्यात की.” ते खालच्या काळ्या रानाविषयी बोलत होते, काळी माती वाळली की आक्रसते आणि तिला आडव्यातिडव्या, जाळीसारख्या भेगा पडतात, पहिल्या पावसात त्या मिटतात. दुसऱ्या घरातले वयस्कर गृहस्थ ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेविषयी बोलू लागले; कोयनेच्या त्या भूकंपात जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि त्या पिढीला ‘भेग’ म्हटले की तीच आठवते. तिसऱ्या घरी काही सांगितले नाही, पण गोठ्यामागे चढावर एक भेग दिसली. ती उताराला आडवी, चंद्रकोरीसारखी वाकलेली, सुमारे वीस पावले लांब होती. तिची वरची कड खालच्या कडेपेक्षा वीतभर उंच होती आणि मधल्या करवंदीची मुळे ताणली जाऊन उघडी पडली होती. आम्हाला हवी होती ती हीच भेग. घरच्यांनी तिला भेग म्हटलेच नव्हते. त्यांच्या लेखी ‘बांध खचला’ होता.

म्हणून प्रश्न विचारताना ‘भेग’ या नामावर विसंबून राहू नये. उताराला आडवी आहे का, पाऊस चालू असताना रुंदावते का, एक बाजू खाली बसली आहे का, हे विचारावे. भिंतीसाठी ‘तडा’ लिहावा, भुईसाठी ‘भेग’ आणि खडकासाठी ‘चीर’. हा भेद खोऱ्यात पाळला जातो आणि पत्रकातही पाळला, तर कळवणाऱ्याला नेमके काय पाहायचे ते समजेल.

पुरवणी (पलूस)

वरील उत्तरात दरडीचा अर्थ सांगताना नदीकाठाचा उल्लेख ओझरता आला आहे, त्यात थोडी भर घालतो. आमच्याकडे भिलवडीच्या बाजूला ‘दरड’ म्हटले की कृष्णेचा उभा काठच डोळ्यांपुढे येतो, डोंगर नव्हे. ‘दरडीला जाऊ नको’ हे पोरांना पावसाळ्यात रोज ऐकावे लागते. आमच्या बोलण्यात दरड ‘ढासळते’, क्वचितच ‘कोसळते’. ती ढासळते पूर उतरताना. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुराच्या दिवसांत काठाची माती पाण्याने जड होते, तरी नदीचे पाणीच बाहेरून तिला टेकू देत असते. पाणी झपाट्याने उतरले की टेकू जातो, माती मात्र ओलीच असते, आणि मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानाचा काठ ऊस उभा असताना पात्रात जातो. तेव्हा पत्रक सांगली जिल्ह्यातही वापरायचे असल्यास ‘दरड’ या शब्दाला इथे वेगळा पत्ता आहे, हे लक्षात असू द्यावे.

विचारणाऱ्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. मजकूर असा बदलला आहे: मथळ्यात ‘भूस्खलन’, त्याखाली ‘डोंगराची माती, मुरूम आणि धोंडे सरकून किंवा वाहून खाली येणे, यासाठी जवळ कडा असलाच पाहिजे असे नाही.’ ‘दरड कोसळणे’ फक्त घाटरस्त्याच्या परिच्छेदात ठेवले आहे. आणखी एक शंका आहे. मूळ मजकुरात ‘नवीन झरे दिसल्यास’ असे आहे. ते तसेच ठेवू का?

उत्तर (पाटण)

‘झरा’ ठेवू नका. झरा म्हणजे ओळखीचे, वर्षानुवर्षे प्यायचे पाणी. त्याच्याशी माणसांचे नाते असते आणि नवा झरा दिसला तर आनंदच होईल. विहिरीला पाणी ‘लागते’, तेही सुखाचे. डोंगरात अवचित येते ते पाणी ‘फुटते’. मुसळधार पावसात घराच्या जोत्यातून, चुलीपाशी किंवा कोरड्या बांधातून पाणी फुटले, तर उताराच्या आत पाण्याचा दाब वाढल्याचे ते चिन्ह असू शकते. त्यामुळे ‘पूर्वी नव्हते तिथे पाणी फुटल्यास’ असे लिहावे. त्याला जोडून ‘नेहमीचा झरा एकाएकी गढूळ झाल्यास किंवा भर पावसात आटल्यास’ हेही घाला. इथे मात्र ‘झरा’ हाच शब्द हवा, कारण त्याचे रोजचे रूप घरातल्या बायकांना ठाऊक असते आणि बदल सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येतो. पत्रक वाचून दाखवायला पुन्हा जाल, तेव्हा सकाळी पाणी भरण्याच्या वेळी जा, आणि त्या आजींना आवर्जून बोलवा.